किंगहॉर्नच्या वाटेवरची रात्र

१८ मार्च १२८६, सोमवार
दुपारी एकच्या सुमारास, एडिंबरा

किल्ल्यात राजाचं सल्लागार मंडळ बसलं आहे. चर्चा गॅलोवेच्या थॉमस नावाच्या एका कैद्याची आहे. बरीच वर्षं कोठडीत असलेल्या या माणसाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न. बाहेर उत्तरेचा वारा सुटला आहे, पावसात बर्फ मिसळलं आहे. या दिवसाची हकिगत इंग्लंडच्या उत्तर सीमेवरच्या लॅनरकॉस्ट मठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बखरीत आहे. त्या दिवशी तोंड बाहेर काढणंसुद्धा नकोसं वाटत होतं, असं बखरकार स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

त्या काळी तासाची मोजदाद घड्याळावर नव्हती, मठातल्या प्रार्थनेच्या घंटांवर होती. त्यामुळे इथले तास अंतर, उजेड आणि घोड्याची चाल धरून बसवले आहेत. कोण कुठे भेटलं आणि कोणाच्या मागून कोण, हा क्रम बखरीतला आहे.

बैठकीच्या मध्यभागी बसलेला राजा म्हणजे स्कॉटलंडचा तिसरा अलेक्झांडर. वय ४४. वयाची आठ वर्षं पुरी होण्याआधीच, जुलै १२४९ मध्ये, स्कोन इथल्या शिळेवर बसून तो राजा झाला. दहाव्या वर्षी इंग्लंडच्या राजाची मुलगी मार्गारेट हिच्याशी त्याचं लग्न लावून दिलं गेलं. पोरवयात सरदारांनी त्याला एकमेकांकडून हिसकावून घेतलं, ओढाताण केली. वयात आल्यावर मात्र त्याने राज्य हातात घेतलं ते घट्ट. १२६३ मध्ये नॉर्वेचा राजा आरमार घेऊन आला आणि लार्ग्जच्या किनाऱ्यावरून परत फिरला. तीन वर्षांनी, १२६६ च्या पर्थच्या तहात, पश्चिमेकडची हेब्रिडीज बेटं आणि मॅन बेट ४,००० मार्क आणि वर्षाला १०० मार्क अशा बोलीवर स्कॉटलंडकडे आलं. त्यानंतरची वीस वर्षं देशावर परचक्र आलं नाही. पुढच्या पिढ्यांना हाच काळ सुबत्तेचा म्हणून आठवत राहिला, आणि त्यात अतिशयोक्ती असली तरी मूळ गोष्ट खरी होती.

दुपारी दोन

जेवणाचं पान मांडण्याआधी या राजाच्या घरात डोकावायला हवं, नाहीतर पुढची सगळी घाई कळणार नाही.

पहिली राणी मार्गारेट १२७५ मध्ये गेली. तीन मुलं मागे होती. धाकटा डेव्हिड जून १२८१ मध्ये वारला. मुलगी मार्गारेट नॉर्वेच्या राजाला दिली होती, ती एप्रिल १२८३ मध्ये, बहुधा बाळंतपणात, गेली. थोरला मुलगा, युवराज अलेक्झांडर, जानेवारी १२८४ मध्ये लिंडोर्स इथे वारला. वय साधारण वीस. तीन वर्षांत तीन मुलं. मागे उरली ती नॉर्वेतली नात, आईचंच नाव असलेली मार्गारेट. आज, या सोमवारी, ती साधारण तीन वर्षांची आहे आणि तिने आजोबांचा देश पाहिलेला नाही.

युवराज गेल्यावर थोड्याच दिवसांत, ५ फेब्रुवारी १२८४ रोजी, राजाने स्कोनला आपल्या मातब्बर सरदारांना जमवलं आणि शपथ घ्यायला लावली: मला दुसरं मूल झालं नाही, तर हीच मुलगी तुमची राणी. पुत्रशोक ताजा असताना त्याने हे केलं, यावरून हा माणूस राज्याच्या बाबतीत किती सावध होता ते कळतं. त्याच वसंतात इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याला त्याने पत्र पाठवलं. एडवर्ड त्याच्या पहिल्या बायकोचा सख्खा भाऊ, म्हणजे मेहुणा. सांत्वनाबद्दल आभार मानून त्याने त्यात या नातीचा उल्लेख केला आणि तिच्यामुळे अजून पुष्कळ चांगलं घडू शकेल अशी आशा व्यक्त केली.

तरीही सरदार तीन वर्षांच्या मुलीसाठी शपथ पाळतील यावर किती विसंबायचं? म्हणून दुसरं लग्न. मागच्या शरद ऋतूत, जेडबरोच्या मठात, फ्रान्समधल्या द्र्यूच्या सरदाराची मुलगी योलांद त्याची राणी झाली. विशीतली मुलगी. लग्नाला साधारण पाच महिने झाले आहेत. ती आज किंगहॉर्नच्या वाड्यात आहे, फोर्थच्या खाडीपलीकडे, फाइफच्या किनाऱ्यावर.

दुपारी तीन

पंगत बसली आहे. ख्रिस्ती उपवासकाळ चालू आहे, म्हणजे मांस वर्ज्य. ताटात लॅम्प्री आहे, वामसारखा दिसणारा, जबड्याऐवजी गोल चोखणारं तोंड असलेला मासा, त्या काळी राजेरजवाड्यांच्या आवडीचा. दारू पुरेशी आहे.

स्कॉटलंडभर त्या वर्षी एक आवई उठली होती: न्यायाचा दिवस, सृष्टीचा शेवटचा दिवस, याच तारखेला येणार. राजाला त्याची गंमत वाटते. तो आपल्या पानातला ताज्या लॅम्प्रीचा वाटा एका सरदाराकडे पाठवतो आणि निरोप देतो, मजेत जेव, कारण आज न्यायाचा दिवस आहे. सरदारही हसून उलट निरोप धाडतो की तसं असेल तर निदान भरल्या पोटी उठू.

बखरकाराने हा प्रसंग पुढचं ठाऊक असताना लिहिला आहे. ते लक्षात ठेवूनही मला तो खरा वाटतो. जेवणाच्या पंगतीत असंच बोललं जातं.

दुपारी साडेचार

राजा उठतो आणि घोडा मागवतो. किंगहॉर्नला जायचं म्हणतो, आत्ता, याच वादळात.

पहिला अडथळा त्याच्याच सरदारांचा. ते त्याला थांबवायचा प्रयत्न करतात. एडिंबराहून क्वीन्सफेरीच्या धक्क्यापर्यंत १४-१५ किलोमीटर. मग खाडी. मग इन्व्हरकीथिंग गाव, आणि तिथून किनाऱ्याने किंगहॉर्नपर्यंत पुन्हा साधारण तेवढीच वाट. मार्चमध्ये या अक्षांशावर सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. एवढा हिशेब तिथल्या प्रत्येकाला येत होता, राजालाही.

तो ऐकत नाही. बरोबर तीन स्वार घेतो आणि निघतो.

बखरकाराचं या जागी बोट रोखलेलं आहे. त्याच्या मते राजाला हीच खोड होती. वारा असो, पूर असो, कडेकपारी असोत, रात्रीबेरात्री एखाद्याच सोबत्यानिशी वेष पालटून बायकांच्या भेटीला जायचं, हे त्याचं नेहमीचं. दुसऱ्या राज्यातल्या, ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या माणसाने लिहिलेला हा दोषारोप आहे. तो सर्वस्वी खोटा असेल असं मी म्हणत नाही. पण आज तो निघाला आहे तो स्वतःच्या लग्नाच्या बायकोकडे. तिन्ही मुलं गमावलेला, पंचेचाळिशीकडे चाललेला राजा. त्याच्या घराण्याला वारस हवा होता, देशाला तर त्याहून जास्त. या घाईला केवळ वासना म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

संध्याकाळी साडेसहा, क्वीन्सफेरीचा धक्का

उजेड गेला आहे. इथे फोर्थची खाडी अरुंद होते. अकराव्या शतकात राणी मार्गारेटने सेंट अँड्र्यूजच्या यात्रेकरूंसाठी इथे तर सुरू केली, म्हणून गावाचं नाव क्वीन्सफेरी. पुढे १८९० मध्ये फोर्थचा प्रसिद्ध रेल्वेपूल उभा राहिला तोही याच चिंचोळ्या जागी.

नावाडी पाण्याकडे बघतो आणि सांगतो की धोका आहे, मागे फिरावं. हे पाणी त्याच्या रोजच्या राबत्यातलं. वाऱ्याने भरतीचं पाणी कसं उलटतं, कुठे होडी कलते, हे दरबारातल्या कुठल्याही माणसापेक्षा त्याला जास्त कळतं. राजा त्याला विचारतो, माझ्याबरोबर मरायला घाबरतोस का? या प्रश्नाला गरीब माणूस काय उत्तर देणार? तो म्हणतो की तुमच्या वडिलांच्या मुलाबरोबर मरण आलं तर ते माझं भाग्यच.

हे उत्तर वाचताना मी दर वेळी थांबतो. नावाड्याने सल्ला दिला होता. राजाने त्या सल्ल्याचं रूपांतर निष्ठेच्या परीक्षेत केलं. एकदा प्रश्न निष्ठेचा झाला की पाण्याबद्दल बोलायला जागाच उरत नाही. नावाड्याने वल्ही हातात घेतली, एवढंच त्याच्या हातात होतं. आणि त्याने काम चोख केलं: होडी पलीकडे सुखरूप लागली. त्या रात्रीचा सर्वांत धोक्याचा वाटणारा टप्पा निभावला.

रात्री आठ, इन्व्हरकीथिंग

गडद अंधार. वेशीपाशी एक माणूस पुढे येतो. राजाच्या मिठागरांचा कारभारी, याच गावात संसार असलेला. अंधारात चेहरा दिसत नाही. तो राजाला आवाजावरून ओळखतो.

आणि तो जे बोलतो ते दरबारी बोलणं नाही. अशा वादळात, अशा अंधारात तुम्ही इथे काय करता, असं तो विचारतो. रात्रीच्या या फिरण्याने भलं होणार नाही, हे मी किती वेळा सांगितलं, अशी आठवण देतो. आणि लगेच सोय सुचवतो: आमच्याकडे राहा, बिछाना आहे, जेवणखाण आहे, उजाडलं की निघा.

सबंध रात्रीत दिलेला सर्वांत शहाणा सल्ला हाच. यात भीती घातलेली नाही, परीक्षा नाही, तर पर्याय आहे. ऊब, अन्न आणि सकाळ. किंगहॉर्न उद्या दुपारच्या आत गाठता आलं असतं. योलांदला नवरा मिळाला असता, देशाला राजा.

अलेक्झांडर हसतो. मुक्कामाची गरज नाही म्हणतो. पण एक गोष्ट मागतो: वाट दाखवायला दोन गडी, पायी चालणारे.

म्हणजे वाट सोपी नाही हे त्याला ठाऊक होतं. कारभाऱ्याचं त्याला पटलं होतं, फक्त अर्धं.

रात्री नऊ

दोन वाटाडे पुढे, मागे राजा आणि तीन स्वार. हे वाटाडे जमिनीला बांधलेले वेठीचे गडी होते, ज्यांना नाही म्हणण्याचा हक्कच नव्हता. वारा समुद्रावरून तोंडावर येतो आहे. मशाल अशा वाऱ्यात टिकत नाही.

साधारण दोन मैल गेल्यावर वाट चुकते. बखर सांगते की सगळेच भरकटले. फक्त घोडे आपल्या अंगच्या जाणिवेने कडक जमीन, म्हणजे रुळलेली वाट, शोधत राहिले. रात्री घोड्यावरून प्रवास केलेल्या कोणालाही हे पटेल. माणसाला दिसेनासं झालं की लगाम सैल सोडावा, जनावर वाट सोडत नाही.

रात्री दहाच्या पुढे

इथे ते एकमेकांपासून वेगळे होतात. स्वारांना बरोबर वाट सापडते, राजाला नाही. त्यांनी हाका मारल्या असतील; त्या वाऱ्यात ऐकू जाणं कठीण.

पुढच्या तासाला एकही साक्षीदार नाही. आज कोणीही तुम्हाला सांगेल की राजाचा घोडा कड्यावरून कोसळला. चित्रांतही उंच कडा, खाली खवळलेला समुद्र, हवेत घोडा असं रंगवलेलं असतं. बखरीत कडा नाही. तिथे एवढंच आहे की राजा घोड्यावरून पडला. खडकाळ उतारावर, ओल्या वाळूत, अंधारात घोडा ठेचकाळला तरी माणसाची मान मोडायला पुरते. त्यासाठी दरी लागत नाही.

१९ मार्च, मंगळवार, पहाट

किंगहॉर्नच्या अलीकडे, पेटिकरच्या किनाऱ्याजवळ, राजाचं प्रेत सापडतं. मान मोडलेली.

वाड्यात योलांद रात्रभर वाट बघत होती की राजा निघाल्याचं तिला कळलंच नव्हतं, हे कुठे लिहिलेलं नाही. तिला तिच्या नवऱ्याची बातमी मिळाली ती उजाडल्यावर, एवढं नक्की.

१९ मार्च, दुपार, डनबारचा किल्ला

हा प्रसंग दीडशे वर्षांनंतरच्या वॉल्टर बोअरच्या इतिहासग्रंथातला आहे आणि दंतकथा म्हणूनच वाचावा. पण स्कॉटलंडने ही बातमी मनात कशी साठवली ते त्यातून कळतं. आदल्या दिवशी डनबारच्या सरदाराने थॉमस द राइमर या द्रष्ट्या म्हणून नाव असलेल्या कवीला थट्टेने विचारलं होतं की उद्या काय होणार. तो म्हणाला, उद्या दुपारच्या आत असा वारा सुटेल की स्कॉटलंडने तसा ऐकला नसेल. मंगळवार उजाडला तो शांत. आकाश निरभ्र. दुपार होत आली तसं सरदाराने थॉमसला बोलावून खोटा ठरवलं. तेवढ्यात वेशीवर घोडेस्वार येऊन उभा राहिला, राजा गेल्याची खबर घेऊन.

२९ मार्च

डनफर्मलिनच्या मठात दफन. क्वीन्सफेरीची तर सुरू करणाऱ्या राणी मार्गारेटची समाधी तिथेच आहे. राजाची पहिली राणी आणि दोन्ही मुलगेही तिथेच.

पुढचा हिशेब तासांचा नाही, वर्षांचा आहे, आणि तो भरभर सांगता येतो.

एप्रिलच्या अखेरीस स्कोनला सहा राज्यरक्षक निवडले गेले: सेंट अँड्र्यूज आणि ग्लासगोचे बिशप, बकन आणि फाइफचे सरदार, बॅडनॉकचा जॉन कॉमिन आणि जेम्स स्ट्यूअर्ट. योलांद गरोदर असल्याचं सांगितलं जात होतं, म्हणून काही महिने सगळा देश थांबून राहिला. त्या बाळंतपणातून वारस आला नाही. उरली नॉर्वेची मार्गारेट. तिचं लग्न एडवर्डच्या मुलाशी ठरलं, दोन्ही राज्यं वेगळी राहतील असं जुलै १२९० च्या बर्गमच्या करारात लिहिलं गेलं, आणि सप्टेंबरमध्ये ती मुलगी स्कॉटलंडकडे येताना ऑर्कनी बेटांवर वारली. सात वर्षांची होती.

गादीवर तेरा जणांनी हक्क सांगितला. निवाड्यासाठी एडवर्डला बोलावलं गेलं. त्याने आधी सगळ्यांकडून आपलं अधिराज्य कबूल करून घेतलं आणि मग १७ नोव्हेंबर १२९२ रोजी जॉन बॅलिओलच्या बाजूने निकाल दिला. या जागी राज्यरक्षकांना दोष देणारे खूप आहेत, मला तो देववत नाही. घरात भांडण पेटलं असताना त्यांनी शेजारच्या वजनदार नातलगाला पंच केलं. अलेक्झांडर जिवंत असता तर हाच नातलग मेहुणाच राहिला असता. त्याने आपल्या हयातीत एडवर्डपुढे राज्यासाठी मान तुकवली नव्हती.

दफनाला दहा वर्षं आणि एक दिवस झाला तेव्हा, ३० मार्च १२९६ रोजी, एडवर्डच्या फौजेने बेरिक शहर घेतलं आणि कापाकापी केली. बेरिक म्हणजे स्कॉटलंडच्या लोकर व्यापाराचं सर्वांत श्रीमंत बंदर. त्याच वर्षी बॅलिओलला पदच्युत केलं गेलं आणि ज्या शिळेवर सात वर्षांचा अलेक्झांडर बसला होता ती शिळा लंडनला वेस्टमिन्स्टरला नेली गेली. ती स्कॉटलंडमध्ये परतली १९९६ मध्ये. इंग्लंडने स्कॉटलंडला स्वतंत्र राज्य म्हणून मान्य केलं ते १३२८ मध्ये, त्या रात्रीनंतर ४२ वर्षांनी, आणि तेवढ्याने लढाया संपल्या नाहीत.

त्या लढायांतल्या वॉलेस आणि ब्रूस यांची नावं जगाला माहीत आहेत. क्वीन्सफेरीच्या नावाड्याने, इन्व्हरकीथिंगच्या कारभाऱ्याने त्यांना कधी पाहिलंही नसेल. पण त्या दोघांनी, एकाने पाणी ओळखून आणि दुसऱ्याने अंधार ओळखून, जे सांगितलं ते ऐकलं गेलं असतं, तर ती युद्धं कदाचित झालीच नसती. ज्यांचं पोट त्या वाटेवर होतं त्यांनाच वाट कळत होती.

बर्न्टआयलंडहून किंगहॉर्नकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, समुद्राच्या वर, आज अलेक्झांडरचं स्मारक आहे. एकोणिसाव्या शतकात उभारलेलं. तिथून किंगहॉर्न पायी अर्ध्या तासाच्या आत येतं.